टेकडीपलीकडची नोकरी

डॉक्टरीणबाई वयाने माझ्या जुन्या विद्यार्थिनींएवढ्या होत्या. त्यांनी अण्णांना आधी सोपे प्रश्न विचारले. आज वार कोणता, सकाळी काय खाल्लंत, हे शहर कोणतं. वार चुकला, खाल्लेलं आठवेना. शहर मात्र बरोबर सांगितलं आणि वर "मुंबई नाही तर काय, काशी?" असा शेराही मारला. मला जरा बरं वाटलं. मग त्यांनी विचारलं, "आजोबा, तुम्ही कामाला कुठे होता?"

अण्णा म्हणजे माझे वडील. हा प्रश्न ऐकल्याबरोबर ते खुर्चीत ताठ झाले. शर्टाचं वरचं बटण लावलं, बाईंकडे बघून अगदी सभ्यपणे हसले आणि दाराकडे बघत बसले. बाईंनी प्रश्न आधी मोठ्याने विचारला, मग हळू विचारला. अण्णा हसतच होते. शेवटी म्हणाले, "ते राहू द्या." बाईंनी मान हलवली आणि समोरच्या कागदावर शून्य मांडलं.

"अहो, शून्य कशाला?" मी म्हटलं. "त्यांना आठवत असेल. ते सांगत नाहीयेत."

"मॅडम, आयुष्यभराची नोकरी माणूस का सांगणार नाही?"

आता यांना काय सांगू? माझे वडील देशाच्या अणुकेंद्रात कामाला होते, आणि तिथे काय करत होते हे त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही. मलाही ते माहीत नाही. म्हणजे त्या कागदावर माझ्या नावाचंही शून्यच मांडायला हवं होतं.

परळच्या त्या सरकारी इस्पितळात आम्ही गेलो ते अण्णांनी जेवण टाकलं म्हणून. विसरभोळेपणा दोन-तीन वर्षांपासून वाढत होता. तो मी सांभाळून घेत होते. चष्मा फ्रीजमध्ये सापडायचा, मला कधी ते आईच्या नावाने हाक मारायचे, कधी शेजारीण समजून "बसा" म्हणायचे. पण गेल्या पावसाळ्यापासून घरात बोलणं जवळजवळ थांबलं आणि मग खाणंही. ताट पुढे केलं की तोंड फिरवायचे. घास भरवायला गेलं की हात झटकायचे, आणि माझ्याकडे असे बघायचे की जणू मीच त्यांच्या जिवावर उठले आहे.

डॉक्टरीणबाई तशा चांगल्या होत्या. त्यांनी समजावून सांगितलं की अशा माणसांची जवळची आठवण आधी जाते, जुनी बराच काळ टिकते. "त्यांच्या कामाच्या गोष्टी काढा. फोटो दाखवा, जुनी हत्यारं हातात द्या, त्या वेळच्या मित्रांना बोलवा. माणूस आपल्या कामाबद्दल बोलायला लागला की जरा मोकळा होतो, शांत होतो, जेवतोसुद्धा. करून बघा. नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल आणि या वयात ते मला करायचं नाहीये."

मी हो हो म्हटलं आणि टॅक्सीत बसल्यावर मला हसू आलं. कामाच्या गोष्टी म्हणे. आमच्या घरात दुनियेतल्या सगळ्या गोष्टी होत्या, तेवढी एक सोडून.

आम्ही परळच्या चाळीत राहायचो. आता तिथे टॉवर आहे आणि आम्ही त्याच जागी एकोणिसाव्या मजल्यावर आहोत, पण मी लहान होते तेव्हा मजल्यावरच्या बहुतेक घरांतले बाप्ये गिरणीत होते. गिरणीवाल्या माणसाचं काम त्याच्याबरोबर घरी यायचं. केसांत कापसाचे तंतू, कपड्यांना तेलाचा वास, कानांत साच्यांचा आवाज, त्यामुळे घरातही ओरडून बोलणं. साचा म्हणजे त्यांचा माग. कुणाच्या खात्यात काय झालं, जॉबरने म्हणजे मुकादमाने कुणाला शिवी दिली, सगळं संध्याकाळी गॅलरीत चर्चेला. मला साचेखातं, कांडीखातं, रंगखातं सगळं पाठ होतं. गिरणी मी आतून कधी बघितली नाही, तरी साचा कसा चालतो हे मी आजही सांगीन.

अण्णा मात्र स्वच्छ यायचे. कामाचे कपडे तिथेच राहायचे, तिथेच धुतले जायचे. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, साबणाचा वास घेऊन ते घरी यायचे. शेजारणी आईला म्हणायच्या, "तुझं नशीब बाई, नवरा बघ कसा ऑफिसरसारखा येतो." ऑफिसर कसले? आयटीआय करून लागले होते, वर्कशॉपमध्ये कारागीर होते. वर्कशॉप हा शब्द आम्हाला माहीत होता. त्या वर्कशॉपमध्ये काय बनतं, हे माहीत नव्हतं.

आईने मला नियम घालून दिला होता. अण्णा आले की "जेवलात का?" एवढंच विचारायचं. आज काय झालं, दमलात का, उशीर का झाला, हे विचारायचं नाही. कुणी बाहेरच्याने विचारलं तर "सरकारी नोकरीत" म्हणायचं आणि विषय बदलायचा. शाळेत 'माझे वडील' हा निबंध आला तेव्हा आईने चार वाक्यं सांगितली. माझे वडील सरकारी नोकर आहेत. ते वेळेवर जातात. ते वेळेवर येतात. ते मला आवडतात. बाईंनी लाल शाईने खाली लिहिलं, 'निबंध फार लहान.' मी रडले, तर आई म्हणाली, "असू दे. मार्क गेले तर गेले, नोकरी राहिली पाहिजे."

एकदा आम्ही लाँचने घारापुरीला गेलो. मी सहावी-सातवीत असेन. अपोलो बंदरावरून लाँच निघाली, आईने चिवडा काढला, सगळे मजेत. बऱ्याच वेळाने किनाऱ्यावरचा पांढरा घुमट दिसायला लागला. एका माणसाने बोट दाखवून विचारलं, "तो काय देऊळबिऊळ आहे का?" दुसरा म्हणाला, "अहो देऊळ कसलं, तिथे अणुबॉम्ब करतात." लाँचमधली सगळी माणसं त्या बाजूला वळली. मीही वळले आणि अण्णांचा हात ओढला. ते पाठ करून दुसऱ्या बाजूचं पाणी बघत होते. मागे घुमट असेपर्यंत त्यांनी मान वळवली नाही. रोज ज्या जागी आठ तास काढायचे, त्या जागेकडे सुट्टीच्या दिवशी नुसतं बघायलाही माणूस घाबरतो, याचं मला तेव्हा नवल वाटलं आणि थोडी लाजही वाटली.

आता टॉवरच्या खिडकीतून, हवा चांगली असली की, पूर्वेला अणुकेंद्राच्या अलीकडची टेकडी दिसते. घुमट दिसत नाहीत, ते पलीकडे राहिले. पाहुण्यांना मी कौतुकाने दाखवते. अण्णा खुर्चीतच वळून खिडकीला पाठ करतात. लेकीला ओळखत नाहीत, पण पाठ कुणाकडे करायची हे त्यांना बरोबर कळतं. म्हणूनच मी त्या शून्यावर चिडले होते.

आम्ही बौद्ध. आमच्याकडे सकाळी वंदना होते. आंघोळ झाली की अण्णा तसबिरीपुढे मेणबत्ती लावून उभे राहायचे आणि पंचशील म्हणायचे. पहिलं शील जिवाची हत्या न करण्याचं, चौथं खोटं न बोलण्याचं. मग दादरला चालत जायचे. खात्याची बस तिथे थांबायची. चौथं शील त्यांनी काटेकोर पाळलं, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. आम्हाला खोटं सांगून वेळ मारून नेणं किती सोपं होतं! टेबलखुर्च्या बनवतो म्हणाले असते तरी आम्ही मानलं असतं. ते गप्प बसायचे. पहिल्या शीलाचं काय, हे मात्र मला कधी कळलं नाही.

अठ्ठ्याण्णव साली मी कॉलेजात होते. बुद्धपौर्णिमेची सुट्टी होती, अण्णा घरीच होते. विहारात खिरीचा टोप चढलेला, मुलं पांढरे कपडे घालून धावत होती. संध्याकाळी कुणीतरी टीव्ही लावला आणि बातमी आली की वाळवंटात जमिनीखाली अणुस्फोट झाले. चाळीत एकच गलका. फटाके फुटले. गिरण्या बंद पडून माणसं घरी बसली होती, तरी कुणीतरी पेढे आणले. आणि सगळी वरात आमच्या दाराशी. "अण्णा, सांगा ना, तुमचा हात लागला की नाही याला?" अण्णा म्हणाले, "खीर घ्या." तेवढंच. जो येईल त्याच्या हातात खिरीची वाटी. मग लोकांत दोन तट पडले. एक म्हणे, याच्याशिवाय झालंच नसेल, बघा कसा गप्प आहे. दुसरा म्हणे, हा तर सुट्टी घेऊन घरी बसलाय, याला कोण विचारतो, हा पाण्याचे पंप दुरुस्त करत असणार.

माझी आत्या तेव्हा आमच्याकडे आली होती. फारशी न शिकलेली, पण तोंडाची तिखट. ती खिरीची वाटी तशीच हातात धरून म्हणाली, "का रे दादा, मागच्या वेळेला पण पौर्णिमाच होती ना? यांना बॉम्ब फोडायला दुसरा दिवसच सापडत नाही का? आपल्या तथागताचाच बरा सापडतो?" मागच्या वेळेला म्हणजे मी जन्मायच्या आधी झालेली पहिली चाचणी. तीही पौर्णिमेलाच झाली असं लोक म्हणत, आणि तिच्याशी तर बुद्धाचं नावही जोडलं गेलं होतं. अण्णांनी आत्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलतील. मी तोंड उघडलं, "अण्णा, खरंच तुम्ही..." आणि आईचा हात माझ्या तोंडावर आला. अण्णा उठले, तसबिरीपुढची विझत आलेली मेणबत्ती बदलली आणि विहारात भांडी घासायला मदत करायला निघून गेले.

पुढे मी वाचून काढलं. शाळेत शिकवते, वाचायची सवय आहे. बॉम्ब काही एका खोलीत बसून कुणी बनवत नाही. एकीकडे भट्टीतून माल निघतो, दुसरीकडे तो वेगळा काढतात, तिसरीकडे त्याला आकार देतात. स्फोटकं संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळा बघतात, वाळवंटातले खड्डे सैन्य खणतं. एका दारातल्या माणसाला दुसऱ्या दाराची खबर नसते. आणि त्याच केंद्रात कॅन्सरच्या रुग्णांसाठी औषधं होतात, भुईमुगाचं नवं बियाणं होतं, विजेचं संशोधन होतं. म्हणजे माझ्या बापाने हजारो माणसं मारणारी वस्तू घडवली असेल, किंवा इथेच परळला कुणाला तरी वाचवणारं औषध ज्या डबीतून येतं ती डबी घडवली असेल, किंवा आयुष्यभर पंपांचे वॉशर बदलले असतील. पुस्तकं वाचून मला एवढंच कळलं. आई गेली ती हेसुद्धा न कळता. तिला हवं होतं की नव्हतं, तेही मी तिला विचारलं नाही, कारण विचारायचं नाही हे तिनेच शिकवलं होतं.

तर अशा घरात डॉक्टरीणबाई म्हणतात कामाच्या गोष्टी काढा.

आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. चाळीत आमच्या समोरच्या खोलीत एक मालवणी काका होते, गिरणीत विणकर. म्हातारपणी त्यांचंही असंच झालं. बायकोला ओळखेनात, खाईनात. त्यांची सून हुशार. ती ताट घेऊन बसायची आणि विचारायची, "मामानू, धागो तुटलो तर काय करूचा?" की काका लगेच हात हवेत धरून सांगायला लागायचे, "आधी साचो बंद करूचो. मगे टोक गावता काय बघूचा. घाई करूची नाय." बोलता बोलता ती घास घालायची आणि ते खायचे. असं तिने त्यांना शेवटपर्यंत जगवलं. साचा विकला गेला, गिरणीच्या जागी मॉल आला, पण त्या घराकडे तुटलेला धागा होता. माझ्याकडे काय होतं? "जेवलात का?" हा एक प्रश्न, आणि आता त्याचं उत्तर रोज नाही असं होतं.

तरी मी सगळे प्रयत्न केले. बाजारातून पाना, पक्कड, कानस आणून अण्णांच्या पुढ्यात मांडली. त्यांनी कानस उचलली, अंगठ्याने तिचे दाते चाचपले. मग त्यांनी ती माझ्याकडे परत दिली आणि हात पुसले. केंद्रात फोन केला. फोनवरचा माणूस फार अदबीने बोलला, हुद्दा आणि निवृत्तीची तारीख त्याने सांगितली, "यापलीकडे माझ्याकडे काही नाही ताई" म्हणाला आणि अण्णांच्या तब्येतीची चौकशीही केली. त्याच्यावर रागवायला काही जागाच नव्हती. त्याचाच जास्त त्रास झाला.

शेवटी माहीमला गेले. अण्णांच्या बसमध्ये रोज शेजारी बसणारे एक काका तिथे खाडीजवळ राहतात. माझ्या लहानपणी ते आमच्याकडे जेवायला यायचे. आता गुडघे गेलेत, पण डोकं तल्लख आहे. मी सगळं सांगितलं. म्हटलं, "काका, काहीतरी सांगा. मला बॉम्बबिंब नको. मशीन कुठलं होतं, आवाज कसा यायचा, कुणाशी भांडण झालं होतं का. काहीही. मी तेवढ्यावर त्यांच्याशी बोलेन."

काकांनी चहा ढवळला. "मला नाही ग माहीत."

"असं कसं? इतकी वर्षं शेजारी बसलात."

"बसलो ना. बोंबील काय भाव आहेत बोललो. मॅच बोललो. तुझी परीक्षा बोललो. गेटच्या आत गेलो की तो उजवीकडे, मी डावीकडे. त्याने मला कधी विचारलं नाही, मी त्याला विचारलं नाही. म्हणून तर पटलं आमचं."

"मग तुम्ही काय करायचात ते सांगा."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. मग दोघेही हसलो, कारण त्या हसण्याशिवाय करण्यासारखं काही नव्हतं. माझे डोळे भरले ते त्यांना दिसले असावेत. ते म्हणाले, "हे बघ, तू कितीही पोटच्या पोरीसारखी विचार, तो नाही सांगायचा. गुप्ततेच्या कागदावर आम्ही सही केली ती साहेबासमोर. सोडवायचं तर वरच्यानेच सोडवलं पाहिजे. आणि एक सांगू? गेटवर आमचा चेहरा कुणी बघायचं नाही, छातीवरचा पास बघायचे. आम्हालाही तीच सवय. मला अजून माणूस भेटला की आधी छातीकडे नजर जाते. बायका रागावतात." बायको गेल्याला बरीच वर्षं झाली, तिलाही आपण काही सांगितलं नाही, असंही ते जाता जाता म्हणाले, आणि मला बोंबलाची पिशवी बांधून दिली.

घरी परतताना त्यांचं ते "वरच्यानेच" डोक्यातून जाईना. वरचा कुठून आणू? अण्णांचे साहेब कोण होते हे माहीत नाही, असतील तर तेही नव्वदीत असतील. मग मला जे सुचलं ते सुचायला नको होतं, पण अण्णांच्या हाताची हाडं दिसायला लागली होती आणि नळीचा दिवस जवळ येत होता. अशा वेळी माणूस शील बघत नाही.

रविवारी दुपारी मी कडक इस्त्रीची साडी नेसले. केस घट्ट बांधले, आईचा जुना चष्मा लावला. शाळेचं ओळखपत्र गळ्यात अडकवलं, ते लाल फीतवालं. भात, बोंबलाचं कालवण, मऊ केलेली भाकरी असं ताट टेबलावर ठेवलं. बाहेर जाऊन मी आमच्याच दाराची बेल वाजवली, आणि कुणी उघडणार नव्हतं म्हणून आपणच चावी लावून आत आले. स्वतःचंच हसू येत होतं.

अण्णांनी वर बघितलं. नजर थेट माझ्या छातीवरच्या ओळखपत्रावर. ते उठून उभे राहिले. महिनोन्‌महिने मी त्यांना धरून उठवत होते, तो माणूस आपला आपण उठला. वरचं बटण लावलं, पायांत चपला आहेत का बघितलं.

"बैठिए," मी म्हटलं. साहेब हिंदीतच बोलत असणार, असा माझा अंदाज. माझं हिंदी भाजीवाल्यापुरतं.

"जी मॅडम," म्हणाले, पण बसले नाहीत. इस्पितळातल्या त्या दिवसानंतर त्यांचा आवाज मी ऐकला नव्हता. हा आवाज मी आधी कधी ऐकलाच नव्हता. हा घरातला नव्हता. जरा मोठा, जरा घाईचा, तरुण माणसाचा. माझे वडील टेकडीपलीकडे असे बोलायचे तर.

मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. "आपका काम बहुत अच्छा था. अब आपको परमिशन है. आप अपने घरवालों को बता सकते हैं, क्या काम किया."

अण्णांनी नजर पुन्हा ओळखपत्राकडे नेली. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या, ओठ हलले. बोलणार होते, मला दिसत होतं. हातातल्या पदराचा बोळा झाला होता. एक वाक्य. बॉम्ब म्हणा, पंप म्हणा, डबी म्हणा, मला चालेल. तुम्ही काहीही केलेलं असो, अण्णा, मी ऐकून घेईन. फक्त मला सांगा आणि मग चार घास खा.

त्यांनी आधी स्वयंपाकघराकडे बघितलं, मग आतल्या खोलीकडे. कुणी नाही अशी खात्री करून घेतली आणि माझ्याजवळ येऊन आवाज खाली आणला.

"मॅडम, एक रिपोर्ट देना था. इधर घर में एक औरत रहती है."

मला आधी समजलंच नाही.

"रोज पूछती है, आप क्या काम करते थे. औजार लाके दिखाती है. डाक्टर के पास भी ले गई, उधर भी वोही सवाल." ते आणखी ताठ झाले. "मैंने कुछ नहीं बताया, मॅडम. एक शब्द भी नहीं."

आणि ते माझ्याकडे बघत उभे राहिले. परीक्षेचा पेपर चांगला गेलेलं पोर बाईंकडे बघतं तसे. त्या नजरेला काय हवं होतं हे न कळायला मी काही वेडी नाही. इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी म्हटलं नसणार. आम्ही म्हणणं शक्य नव्हतं, आम्हाला माहीतच नव्हतं ते काय सांभाळून आहेत.

मी म्हटलं, "शाबास."

काय करणार होते मी? चष्मा काढून ओरडायचं की मी तुमची मुलगी आहे? ओरडले असते तर ती पुन्हा तीच बाई झाली असती, सारखी विचारणारी. माझ्याकडे दोनच माणसं होती व्हायला, आणि त्यातल्या एकीशीच माझे वडील बोलत होते.

शाबास ऐकल्यावर त्यांचे खांदे सैल झाले. किती तरी महिन्यांनी मी त्यांचा चेहरा असा निवांत पाहिला. ते खुर्चीत बसले, ताट आपल्याकडे ओढलं, भात कालवला आणि खायला लागले. भाकरी मोडून कालवणात बुडवली. काटा नीट काढून ताटाच्या कडेला ठेवला. मी समोर ओळखपत्र लटकवून उभी, डोळ्यांतलं पाणी चष्म्याखाली जाऊ देत, कारण साहेब रडत नाहीत.

अर्धं ताट झाल्यावर त्यांचा हात थांबला. काहीतरी मनात आलं असावं, कारण त्यांनी पुन्हा आतल्या खोलीकडे नजर टाकली आणि या वेळेला हिंदी विसरले.

"मॅडम, पण त्या बाईला काही करू नका हं. ती वाईट नाही. उन्हातान्हाची शाळेत जाते, दमून येते, तरी माझं सगळं करते. तिला माहीत नाही, विचारायचं नसतं ते. तिच्या आईने सांगायला पाहिजे होतं. मी समजावीन तिला."

"नाही करणार," मी म्हटलं.

"नक्की ना?"

"नक्की," मी म्हटलं. मग त्यांनी उरलेला भात संपवला.